श्टुटगार्टजवळ जर्मनचा क्लास काढताना: कामाच्या नोंदी, २०२५

८ जानेवारी
ठरलं एकदाचं. श्टुटगार्टच्या शेजारच्या एका छोट्या शहरात जर्मनचा क्लास काढायचा. शाळा शाळा म्हणतेय पण सुरुवातीला क्लासच, एक खोली आणि एक फळा. भारतीय बाई जर्मनीत जर्मन शिकवणार हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, फी किती?

गिऱ्हाईक कोण ते लिहून ठेवते, नंतर भरकटायला नको. ब्लू कार्डवर (शिकलेल्या नोकरदारांचा राहण्याचा परवाना) आलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए१ चं (जर्मनच्या पहिल्या पातळीचं) सर्टिफिकेट लागत नाही, त्यामुळे कितीतरी जणी इथे उतरतात तेव्हा भाषेची पाटी कोरी असते, आणि सहा महिन्यांत कळतं की भाषेशिवाय नोकरी तर सोडाच, मुलांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा मिळत नाही. दुसरीकडे ब्लू कार्डवाल्याला स्वतःला बी१ (तिसरी पातळी, मधली ए२) आलं तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, नुसत्या ए१ वर २७ महिने लागतात. म्हणजे एकाच घरातून दोन विद्यार्थी, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षण संस्थेचे, फोल्क्सहोखशूलेचे, वर्ग स्वस्त असतात, किमतीत त्यांच्याशी भिडायचंच नाही, आपण छोटी बॅच आणि बोलण्यावर जोर.

सरकारी इंटिग्रेशन कोर्सच्या वाटेला जाणार नाही. ६०० तासिका भाषा आणि १०० तासिका समाजपरिचय, संस्थेला केंद्र सरकारच्या स्थलांतर कार्यालयाची मान्यता, शिक्षकाला वेगळी मान्यता, नवीन माणसाने त्यात पडू नये असं माझं मत.

भांडवल: माझे ६,००० युरो, मैत्रिणीचे ५,०००.

१५ जानेवारी
मैत्रीण गळाली. म्हणजे तिची इच्छा आहे पण कागद नाही.

हे करणाऱ्या प्रत्येकाने बिझनेस प्लॅन वगैरे नंतर लिहावा, आधी रेसिडेन्स कार्ड आणि त्याच्यासोबतचा अटींचा कागद वाचावा. माझं कार्ड फॅमिलीचं, त्यावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’ असं लिहिलंय, त्यात नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय दोन्ही येतं. ती ब्लू कार्डवर, भरपूर पगार, आणि तिच्या कागदावर स्वतंत्र व्यवसायाला चक्क मनाई. गंमत बघा, जो नवऱ्यामागे आला त्याला जास्त मोकळीक. निवास कायद्याच्या कलम २१(६) खाली तिला मूळ परवाना तसाच ठेवून व्यवसायाची वेगळी परवानगी मागता येते, पण अर्ज करा, कंपनीचं ना हरकत पत्र आणा, उत्तराची वाट बघा. ती म्हणाली तू सुरू कर, माझं नीडरलासुंग (कायमचा परवाना) झालं की बघू. तिचे ५,००० गेले, म्हणजे जागा भाड्याने घेऊन रंगवायची वगैरे स्वप्नं अर्ध्यावर आली.

कंपनी काढायची की नाही याचाही निकाल लागला. गेएमबेहाला (मर्यादित जबाबदारीची कंपनी) २५,००० भांडवल आणि नोंदणीच्या वेळी निम्मे भरावे लागतात. ऊगे, तिचं छोटं रूप, एका युरोत निघते म्हणतात, पण नोटरी, दरवर्षीचा ताळेबंद, कर सल्लागाराची फी धरली तर एका क्लाससाठी हत्तीच पोसायचा. एकल व्यवसाय, विषय संपला.

२९ जानेवारी
फिनान्सआम्टचा (कर कार्यालय) नोंदणी फॉर्म एल्स्टरवर, म्हणजे कर खात्याच्या साइटवर, ऑनलाइन भरावा लागतो, काम सुरू केल्यापासून महिन्याभरात. एल्स्टरचं खातं उघडायचं तर अर्धा कोड इमेलवर आणि अर्धा पोस्टाने येतो, हे माहीत असतं तर खातं डिसेंबरमध्येच उघडून ठेवलं असतं.

फॉर्ममध्ये दोन जागा जपून भरा. एक, शिकवणं हा इथे ‘मुक्त व्यवसाय’ धरतात, डॉक्टर वकिलासारखा, त्यासाठी गेवेर्बेची (धंद्याची) नोंद लागत नाही. पण हे तुम्ही स्वतः शिकवता आणि सगळं तुमच्या देखरेखीखाली चालतं तोवरच. उद्या मी नुसती मॅनेजर झाले आणि शिकवणारे दुसरे, तर तो धंदा झाला, मग गेवेर्बे. घाबरण्यासारखं नाही, एकल व्यवसायाला वर्षाला २४,५०० नफ्यापर्यंत गेवेर्बेचा कर पडत नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

दोन, अपेक्षित नफ्याचा आकडा. मी उत्साहात १८,००० लिहिला. यावरून ते दर तिमाहीचा आगाऊ कर ठरवतात आणि नवऱ्याबरोबर एकत्र विवरणपत्र असेल तर दर त्याच्या पगाराच्या हिशोबाने लागतो. पत्र आलं ते बघून घरात थोडा वेळ कोणी बोललं नाही. दुरुस्तीचा अर्ज केला, आकडा कमी करून मिळाला. इथे आशावाद दाखवू नका.

उमझाट्सश्टॉयर म्हणजे इथला जीएसटी. मी क्लाइनउंटरनेमर, छोटा व्यावसायिक, हा पर्याय घेतला, म्हणजे फीवर हा कर लावायचा नाही. २०२५ पासून मर्यादा बदलली आहे: मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० च्या आत हवी. नव्याने सुरू करणाऱ्याला पहिल्याच वर्षी २५,००० ची रेघ, आणि ती ओलांडली की ज्या बिलाने ओलांडली तिथून लगेच कर सुरू, जुन्यासारखं पुढच्या वर्षीपर्यंत चालत नाही. जुने लेख वाचून २२,००० धरून बसू नका.

१२ फेब्रुवारी
जागा शोधणं चालू. नेटवर ‘ऑफिस भाड्याने’ मध्ये भरपूर दिसतं आणि बहुतेक आपल्याला चालत नाही.

स्टेशनजवळची ६० चौरस मीटरची जागा पाहिली, पहिला मजला, दोन खोल्या, नवीन खिडक्या, भाडं ७८० अधिक कर. मालक म्हातारा, नीटनेटका, फाइल काखेत. सगळं पसंत पडलं, चहासुद्धा झाला, आणि मग त्याने फाइल उघडून विचारलं,

“तुम्ही तुमच्या बिलावर उमझाट्सश्टॉयर लावता ना?”

मी अभिमानाने म्हणाले, नाही नाही, मी छोटी आहे, मला माफ आहे. त्याने फाइल बंद केली.

त्याचं कारण मग त्यानेच समजावलं, आणि हे मला कुठेही वाचायला मिळालं नव्हतं. त्याने बिल्डिंग दुरुस्त करताना ठेकेदारांच्या बिलावरचा १९ टक्के कर सरकारकडून परत घेतलाय. तो हक्क टिकवायचा तर भाड्यावर कर लावावा लागतो, आणि भाड्यावर कर तेव्हाच लावता येतो जेव्हा भाडेकरूही स्वतःच्या कामावर कर लावतो. डॉक्टर, विमा एजंट, शिकवणारे, छोटे व्यावसायिक असे करमाफीवाले आत आले की त्याचा हक्क जातो आणि दहा वर्षांच्या हिशोबाने परत घेतलेल्या करातला वाटा भरावा लागतो. म्हणजे मला जी सवलत वाटत होती तीच त्याच्या दृष्टीने रोग.

तेव्हापासून जागा बघायला जायच्या आधी फोनवर पहिला प्रश्न हाच: भाड्यावर कर आहे का? असेल तर पेट्रोल वाया घालवायचं नाही.

२६ फेब्रुवारी
कर नसलेली एक जागा मिळाली, जुनी, स्वस्त, ५४० युरोत. इथे दुसरीच भानगड. कागदोपत्री ते ऑफिस आहे आणि मी त्यात वर्ग भरवणार म्हणजे वापर बदलतो, त्याला नुत्सुंग्सएंडरुंग म्हणतात, बांधकाम खात्याची परवानगी. फोनवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, एका वेळी किती माणसं, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठला, टॉयलेट किती, गाड्या कुठे लावणार. दुसरा रस्ता नव्हता. एकच जिना, लाकडी. नकाशे काढायला आर्किटेक्ट लागेल, त्याचा अंदाज १,८०० च्या पुढे, आणि वर परवानगी मिळेलच असं नाही.

मालक म्हणाला कोणाला सांगायचंच कशाला. इथे विमा हा मुद्दा आहे. परवानगी नसलेल्या वापरात काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि बाळाला घेऊन येणाऱ्या आया वर्गात बसलेल्या असणार. सोडली.

१९ मार्च
जागेचा प्रश्न सुटला, आणि अगदी उलट बाजूने. एक खासगी म्युझिक स्कूल, दोन खोल्या, मुलं दुपारी शाळा सुटल्यावर येतात, सकाळी सगळं रिकामं. वर्ग भरवायची परवानगी आधीपासून आहे, खुर्च्या आहेत, फळासुद्धा आहे (पाच रेघांचा, त्यावर क्रियापदं लिहिताना मजा येते). तासाला १४ युरो, कर नाही. अनामत फक्त २००.

चालक बाई साठीच्या, बोलायला तुटक पण मनाने मोकळ्या. अट एकच, साडेबाराला खोली रिकामी. सकाळच्या बॅचला हे पथ्यावरच पडतं, कारण आयांना बालवाडीतून मुलं आणायची असतात. संध्याकाळच्या बॅचचं मात्र काय, तिथे सात वाजेपर्यंत पियानो चालू. संध्याकाळ ऑनलाइन करायची ठरवलं, त्याचं पुढे काय झालं ते जुलैमध्ये.

वेबसाइटवर मालकाचं नाव पत्ता द्यावाच लागतो, इम्प्रेसुम, तिथे घरचा पत्ता टाकायला नको वाटत होतं. टपाल स्वीकारायचं लेखी मान्य करून बाईंनी स्कूलचा पत्ता वापरायला दिला.

३ एप्रिल
आजची नोंद लांब आहे, पण पूर्ण प्रकल्पात हेच सगळ्यात महत्त्वाचं निघालं.

माझा प्लॅन असा होता की मी एक बॅच घेणार आणि बाकी शिक्षक बोलवायचे, तासाला अमुक युरो, ते बिल देतील, मी पैसे देईन. भारतातही असंच चालतं, इथेही कित्येक वर्षं असंच चालायचं. म्युझिक स्कूलच्या बाईंना सहज सांगितलं तर त्या हातातली किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या,

“फ्राउ, तुम्ही हेरेनबेर्गबद्दल ऐकलं नाही का?”

हेरेनबेर्ग गाव इथून लोकलने जवळ. तिथल्या नगरपालिकेच्या म्युझिक स्कूलमध्ये एक पियानो शिक्षिका मानधनावर शिकवत होत्या. २८ जून २०२२ ला फेडरल सोशल कोर्टाने निकाल दिला की त्या स्वतंत्र नाहीत, नोकरदारच आहेत. खोली स्कूलची, वेळापत्रक स्कूलचं, विद्यार्थी स्कूलने आणलेले, स्वतःचा धंद्याचा धोका काही नाही, मग कसल्या स्वतंत्र? आणि नोकरदार म्हटलं की पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा सगळ्याचा मालकाचा वाटा आला, तोही मागच्या चार वर्षांचा वसूल होऊ शकतो. जाणूनबुजून चुकवला असेल तर ३० वर्षं.

निकाल पियानोचा असला तरी भाषेच्या, योगाच्या, शिकवण्यांच्या सगळ्या संस्था हादरल्या. मग सरकारने मधला रस्ता काढला, १ मार्च २०२५ पासून लागू: करार करताना दोघांनीही स्वतंत्रच धरलं होतं आणि शिक्षकाने संमती दिली तर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वसुली नाही. मला वाटलं चला, सुटलो. बाई म्हणाल्या सुटला नाहीत, उधारीवर आहात, २०२७ च्या जानेवारीत काय करणार ते आत्ता ठरवा.

मग कर सल्लागाराकडे तासभर बसले (१४० युरो, वसूल). त्यातून जे कळलं ते कागदावर मांडते.

मी स्वतः एकटी शिकवणारी स्वतंत्र शिक्षिका, म्हणून मला सरकारी पेन्शन सक्तीची. इथे बहुतेक स्वतंत्र व्यावसायिकांना ती नसते, शिक्षकांना असते. तीन महिन्यांत स्वतःहून कळवायचं असतं. २०२५ चा ठरलेला हप्ता महिना ६९६ युरो ५७ सेंट, नव्याने सुरू करणाऱ्याला सुरुवातीची वर्षं निम्मा, ३४८.२९. कमाई कमी असेल तर उत्पन्न दाखवून कमीही करून मिळतो.

मी पक्की शिक्षिका नोकरीवर ठेवली, मिनीजॉबच्या (कमी पगाराची छोटी नोकरी) ५५६ युरोंपेक्षा जास्त पगारावर, तर माझी स्वतःची पेन्शनची सक्ती उठते. म्हणजे महिन्याचे ३४८ वाचले. मी खूश.

पण असा एक माणूस नोकरीवर ठेवला की आरोग्य विम्यावाले मला ‘मुख्य धंदा हाच’ असं धरतात, आणि मग नवऱ्याच्या विम्याखालचं माझं फुकटचं नाव निघतं. स्वतःचा विमा, कमीत कमी महिना अडीचशेच्या आसपास. आणि नोकर न ठेवताही नफा महिना ५३५ च्या वर गेला तर नाव निघतंच.

एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. पण हिशोब स्वच्छ झाला. मानधनावर बोलवलेली शिक्षिका आज स्वस्त दिसते, तिच्यामागे चार वर्षांची वसुली उभी असते. पगारी शिक्षिका महाग दिसते पण त्या महागाईतला बराच भाग मला दुसरीकडून परत येतो. ठरवलं: पहिली बॅच एकटीने, दुसरीपासून एक जण पगारावर. मानधन नाहीच.

५ मे
पहिली सकाळची बॅच सुरू. ए१, आठवड्यातून चार दिवस, रोज ४५ मिनिटांच्या तीन तासिका, दहा आठवड्यांत १२० तासिका, फी ४८०. सात जणी आल्या, अपेक्षा आठची होती.

जाहिरातीबद्दल: इन्स्टाग्रामवर १८० युरो घातले, लाइक भरपूर आले आणि त्यातले निम्मे भारतातून, एकही भरती नाही. बालवाडीच्या फलकावर फोन नंबरच्या फाडायच्या पट्ट्यांचा कागद लावला, खर्च प्रिंटचा, त्यातून चार जणी. बाकीच्या ओळखीतून. तुमच्या गिऱ्हाईकाला सकाळी साडेआठला कुठे उभं राहावं लागतं ते शोधा, तिथे कागद लावा.

१४ मे
दोन जणी ‘माझं ए१ झालंय, ॲपवर केलंय, ए२ मध्ये बसवा’ म्हणून आल्या. लेखी परीक्षेत दोघींना ऐंशीच्या वर. मग मी एक खुर्ची उलटी फिरवली, पाठीला पाठ लावून बसलो म्हणजे तोंड दिसत नाही, आणि म्हटलं मी बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातली बाई, तुम्ही फोन केलाय, मुलाला कालपासून ताप आहे, बोला. पहिली “हॅलो” म्हणाली आणि पुढे आवाजच नाही. दुसरीने मुलाचं नाव सांगितलं, जन्मतारीख विचारल्यावर मराठीत म्हणाली, “ताई, थांबा ना, एवढ्या फास्ट नका बोलू.” मी फास्ट बोलतच नव्हते.

तेव्हापासून प्रवेशाला हाच फोन. लेखी परीक्षा काढून टाकली. दहा मिनिटांत पातळी कळते आणि वाद होत नाहीत, कारण स्वतःलाच कळतं.

२ जून
४८० युरो गेले. एका विद्यार्थिनीने वेबसाइटवरून नाव नोंदवलं, पाचेक वर्ग केले आणि बाराव्या दिवशी इमेल आली की रद्द करते, पूर्ण पैसे परत. बालवाडीने तास कमी केले होते, तिची काही चूक नाही. मला वाटलं झालेल्या वर्गांचे पैसे कापून देऊ.

नाही कापता येत. ऑनलाइन झालेल्या कराराला गिऱ्हाईकाला १४ दिवस माघारीचा हक्क असतो. त्या १४ दिवसांत शिकवायला सुरुवात करायची असेल तर ‘मला लगेच सुरू करून हवंय, मग रद्द केलं तर झालेल्या भागाचे पैसे देईन’ असं तिच्याकडून स्पष्ट घ्यावं लागतं आणि हक्काची नीट माहिती आधी द्यावी लागते. माहितीच दिली नसेल तर मुदत आणखी १२ महिने वाढते. माझ्या फॉर्मवर यातलं काहीच नव्हतं, तो फॉर्म मी पुण्यातल्या क्लासच्या पावतीवरून बनवला होता.

आता फॉर्मवर वेगळी टिकमार्क आहे, आणि शक्यतो नोंदणी खोलीत बसून कागदावर सही करून घेते. हप्तेही केले, तीन. एकदम ४८० मागण्यापेक्षा १६० ला लोक पटकन हो म्हणतात.

१० जुलै
संध्याकाळची ऑनलाइन बॅच, बी१, सहा जण, सगळे नोकरीवाले, फी ३६०. कोणाची मीटिंग लांबते, कोणी ट्रेनमध्ये, म्हणून मी प्रत्येक वर्गाचं रेकॉर्डिंग देत होते. सगळ्यांना फार आवडलं होतं.

मग १२ जूनचा फेडरल कोर्टाचा निकाल बातम्यांत आला. इथे दूरशिक्षणाचा कायदा आहे, १९७७ पासून लागू, तेव्हा पोस्टाने धडे पाठवायचे त्यासाठी केलेला. शिकवणारा आणि शिकणारा बहुतांशी वेगळ्या जागी असतील आणि प्रगती तपासली जात असेल तर कोर्सला कोलोनच्या ऑफिसची, झेडएफयूची, मान्यता लागते. नसेल तर करार रद्दबातल आणि विद्यार्थी फी परत मागू शकतो. कोर्टाने तो एका महागड्या ऑनलाइन कोचिंगला लावला. थेट, समोरासमोर प्रश्नोत्तरं होणाऱ्या ऑनलाइन वर्गाचं प्रकरण वेगळं धरतात, पण रेकॉर्डिंग देऊन गृहपाठ तपासायला लागलात की तुम्ही त्या कायद्याच्या उंबऱ्यावर आलात, असं सल्लागाराचं म्हणणं.

रेकॉर्डिंग बंद केलं. ओरड झाली. त्याऐवजी चुकलेल्यांसाठी शनिवारी सकाळी अर्धा तास थेट. माझा शनिवार गेला, पण रद्दबातल करार घेऊन झोप लागणार नाही.

४ ऑगस्ट
इथे शाळांना ३१ जुलै ते १३ सप्टेंबर सुट्टी. ऑगस्टची बॅच काढली होती, तीन जणी आल्या, रद्द केली. आया मुलांना घेऊन भारतात, उरलेल्यांची मुलं घरी. कमाई शून्य, विम्याचा हप्ता चालू. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये क्लास काढणाऱ्याने वर्ष दहा महिन्यांचं धरावं, डिसेंबरचा उत्तरार्धही त्यात मोजू नये.

१५ सप्टेंबर
पहिली नोकरदार आली. मूळ पोलंडच्या, इथे वीसेक वर्षं, स्वतः प्रौढपणी जर्मन शिकलेल्या, त्यामुळे कुठे अडतं ते त्यांना पुस्तकाशिवाय कळतं. ए२, आठवड्यातून दोन दिवस, तयारीचा वेळ धरून पगार ७००. त्यावर माझा मालकाचा वाटा १८० च्या आसपास, किरकोळ वर्गण्या धरून दोनशेच्या जवळ.

आधी करायची कामं, याच क्रमाने: रोजगार खात्याकडून बेट्रीब्सनुमर (मालकाचा नोंदणी क्रमांक) ऑनलाइन, फेबेगे या अपघात विमा संस्थेत एका आठवड्यात नोंद, मग पगारपत्रकासाठी सल्लागार (महिना २५). बेट्रीब्सनुमरशिवाय पुढचा एकही फॉर्म हलत नाही.

आजारी पडल्या तरी पगार, सुट्टीचा पगार, हे सगळं आलं. पण वर्ग कसा घ्यायचा, काय घ्यायचं ते मी हक्काने सांगू शकते, मानधनवालीला असं सांगणं म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध पुरावा तयार करणं होतं.

९ ऑक्टोबर
पुस्तकांच्या झेरॉक्स बंद. शिक्षणासाठी १५ टक्के कॉपी करता येते हे खरं, पण ती सूट बिनव्यावसायिक शिकवण्यासाठी आहे, फी घेणाऱ्या खासगी क्लासला नाही. प्रत्येकीने स्वतःचं पुस्तक घ्यायचं, प्रवेशाच्या वेळीच सांगते. खरे कागद वापरते: बालवाडीची सूचना, वीजबिल, घरमालकाचं पत्र, नावं झाकून. तेच जास्त चालतं.

१२ नोव्हेंबर
पुढच्या वर्षी २५,००० ओलांडायची शक्यता आहे, म्हणून आत्ताच करमाफीच्या प्रमाणपत्राचा अर्ज टाकला. उमझाट्सश्टॉयर कायद्याच्या कलम ४ मधला २१ वा मुद्दा, शिक्षणाला हा कर माफ, पण आपोआप नाही, आमच्या राज्यात रेगीरुंग्सप्रेझिडिउमकडून (राज्य सरकारचं विभागीय कार्यालय) दाखला लागतो. अभ्यासक्रम, शिक्षकांची प्रमाणपत्रं, हे कोर्स परीक्षेला किंवा नोकरीला कसे उपयोगी पडतात त्याचं वर्णन. ‘गप्पांचा वर्ग’ असलं नाव दिलेली बॅच अर्जातून काढली, छंद वाटायला नको. मिळाला नाही तर ४८० ची फी ५७१ करावी लागेल किंवा १९ टक्के माझ्या खिशातून.

१२ डिसेंबर
वर्षाची जमा साधारण १४,६००. सकाळचे दोन्ही ए१, सात आणि नऊ जणी (त्यातल्या एकीचे ४८० परत), संध्याकाळचे दोन बी१, आणि ए२.

ए२ तोट्यात. नऊ जणी, प्रत्येकी २९०, म्हणजे २,६१०. खोली ६३०, शिक्षिकेचा अडीच महिन्यांचा खर्च सव्वादोन हजार, जवळपास २७० खालीच. तरी चालू ठेवणार, कारण ए१ संपल्यावर पुढची बॅच नसेल तर त्या दुसरीकडे जातात आणि जाताना मैत्रिणींनाही घेऊन जातात. शिवाय पेन्शनचे ३४८ त्या नोकरीमुळे वाचतात, ते या बॅचच्या हिशोबात दिसत नाहीत.

मला स्वतःला हातात महिन्याला सहा-सातशे पडले असतील, विमा जाऊन. पुण्यातल्या ओळखीचे विचारतात परवडतं का. अजून नाही. नवऱ्याचा पगार नसता तर मे महिन्यातच बंद केलं असतं, हे स्पष्ट लिहिते कारण नाहीतर वाचणारा माझे आकडे घेऊन नोकरी सोडेल.

जानेवारीच्या ए१ ला सहा जणींनी सह्या केल्या आहेत, आठ झाल्या की सुरू. २०२६ ला मिनीजॉबची मर्यादा ६०३ होतेय, म्हणजे ७०० च्या पगाराला अजून वाव आहे पण फार नाही, एखादी बॅच तुटली आणि तास कमी केले तर त्या रेषेखाली जातील आणि माझी पेन्शन पुन्हा सक्तीची. त्यांच्याशी मंगळवारी बोलायचंय, फेब्रुवारीपासून आठवड्याला तीन दिवस जमेल का. करमाफीच्या दाखल्याचं उत्तर आलेलं नाही.